आईच्या पदरावरचं ऊन

मला वंदना पाठ होती. घरातल्या सगळ्यांपेक्षा माझे उच्चार स्वच्छ आहेत असं बाबा म्हणत, आणि बुद्धपौर्णिमेला वस्तीतली माणसं जमली की मलाच पुढे बसवत. पण त्या शब्दांनी माझ्या आत कधी काही हललं नव्हतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबा धावड्याच्या शाळेत मास्तर. एकुलत्या एका मुलीला इंग्रजीत शिकवायचंच, या हट्टानं त्यांनी मला आठव्या वर्षी औरंगाबादच्या एका इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. तिथली प्रार्थना मी इंग्रजीत म्हणायचे, सुट्टीत घरची पालीत. दोन्हीकडे ओठ सारखेच हलायचे. तीनदा शरण जाते असं म्हणायचं आणि होतं तिथंच बसून राहायचं, अशी माझी भक्ती होती. वसतिगृहात मी आणखी एक गोष्ट शिकले. कुणी गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं, तर असं उत्तर द्यायचं की पुढचा प्रश्न येणार नाही. आडनावापर्यंत बोलणं जाऊ द्यायचं नाही. कुणी मला तिथं कधी वाईट वागवलं असं नाही. पण मला भीती होती, आणि भीतीला कारण पुरवावं लागत नाही.

शिक्षण संपवून मी घरी आले त्या वर्षी आईची नजर जाऊ लागली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आधी ती उंबऱ्याला ठेचकाळायची, मग दारातून आत येणारं माणूस तिला कडेनं दिसेनासं झालं. काचेच्या बांगड्या भांड्यांवर आपटून फुटायला लागल्या, तेव्हा तिनं त्या काढून डब्यात ठेवल्या आणि पितळेची एकेक घातली. जालन्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. थेंब टाकत राहा, म्हणाले, पण गेलेली नजर परत येणार नाही, आणि राहिलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. आईनं मला विचारलं तेव्हा मी ते नीट सांगायला हवं होतं. मी नुसतं म्हटलं, थेंब टाकायला सांगितलेत. तिनं मूठ डोळ्याला लावली, तिच्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला एवढं दिसतं. एवढ्यात काय काय मावतं ते बघून घ्यावं लागंल."

मग तिनं अजिंठ्याचं काढलं. आमच्या गावातून ते डोंगर दिसतात. तिचा सगळा जन्म त्यांच्याकडे बघत शेतात निंदणी-खुरपणी करण्यात गेला होता, पण आत काय आहे ते तिनं पाहिलं नव्हतं. बाबा शाळेच्या मुलांना घेऊन दोन-तीनदा जाऊन आले होते. तिथं बुद्ध झोपलेला आहे, उजव्या कुशीवर, शेवटच्या वेळी झोपला तसा, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं. एकदा तुला नेतो, असंही सांगितलं होतं. आता तिला बाकी काही बघायचं नव्हतं. तो चेहरा एकदा डोळ्यांनी पाहायचा, मग डोळे गेले तरी चालतील, असं ती अगदी सहज म्हणायची, बाजारातून एखादी वस्तू आणायची राहिली असावी तसं.

मला मात्र ते जाणं नको वाटत होतं. लेण्यात अंधार असतो हे मी वाचलं होतं. जिला भरदुपारी अंगणातली बादली दिसत नाही, तिला तिथं काय दिसणार? ती त्या मूर्तीसमोर जाऊन उभी राहील आणि तिला काळोखाशिवाय काही दिसणार नाही, आणि तेच तिच्या डोळ्यांचं शेवटचं पाहणं ठरेल, या विचारानं मला झोप लागत नसे. ज्याच्यापुढे मी इतकी वर्षं शब्द म्हणत आले त्याला काही मागावं असंही मला सुचलं नाही. आपल्या धम्मात धावून येणारा देव नाही, हे बाबांनी मला लहानपणीच शिकवलं होतं.

भोकरदनचे एक शिक्षक, बाबांच्या ओळखीचे, एसटीची गाडी ठरवून तिथल्या पाच-पंचवीस माणसांना एका दिवसात लेणी दाखवून आणणार होते. तिथं पोचल्यावर माहिती सांगणारा गाइडही ठरवला होता. त्यांनी आमच्या दोन जागा धरल्या. बाबा येणार होते, पण नेमकी त्याच दिवशी शाळा तपासायला साहेब यायचे होते. म्हणून मी गेले.

पहाटे निघायच्या वेळी आईनं पांढरं लुगडं नेसलेलं पाहून मी दारातच थांबले. वंदनेला आमच्यात पांढरं नेसतात, त्यात काही नवीन नव्हतं. पण ती विहारात निघाल्यासारखी निघाली होती आणि बाकीचे आम्ही सहलीला. तिच्या पिशवीत मेणबत्त्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोगऱ्याची फुलं होती. मी म्हटलं, तिथं तिकीट काढून आत जातात गं, ते बघायचं ठिकाण आहे. ती म्हणाली, "मंग बघायलाच चालले की."

भोकरदनला गाडीत बसलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. आईला मी खिडकीशी बसवलं. आमच्या बाजूच्या बाकावर एक जाडसर, हसऱ्या काकू होत्या, नाकात मोठी नथ, मांडीवर पितळी डबा. सगळ्या त्यांना सुमनकाकू म्हणत. त्यांनी आईकडे पाहिलं. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, बिनकाचेचे हात. दीक्षा घेतल्यापासून आई कुंकू लावत नाही. तिचा तो स्वतःचा निर्णय होता. काकूंचा चेहरा मऊ झाला. माझ्याकडे वाकून त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "वडील कधी गेले गं तुझे?"

मला लगेच बोलता आलं असतं. पण बाबा आहेत म्हटलं की मग हे पांढरं कशाला, आणि ते सांगितलं की पुढचं सगळं आलंच. मी खाली पाहिलं. काकूंनी माझा हात दाबला. "राहू दे, माय. नको बोलू." आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना आजही लाज वाटते. जिवंत बापाला मी एका प्रश्नापायी मारलं होतं.

थोड्याच वेळात ते सगळ्या बायकांमध्ये पसरलं. शिक्षक पुढे ड्रायव्हरजवळ पुरुषांत बसले होते, त्यांच्यापर्यंत ते गेलंच नाही. गाडी हलत होती, बाहेर कपाशीची रानं धुक्यातून निघून परत धुक्यात जात होती, आणि मला ते सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं वाटत होतं. कुणीतरी आईच्या पाठीशी उशी दिली. कुणी धपाटे पुढे केले, वर दही. एका बाईनं आईची पिशवी स्वतःच्या पायाशी घेतली. आई प्रत्येकीला नाव विचारत होती, आशीर्वाद देत होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "किती चांगली माणसं हायेत गं. उगंच तू भेत ऱ्हातेस." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

लेण्यांपाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गाइड मध्यमवयीन, बारीक अंगाचा, हातात वेताची छडी. हिंदी-मराठी मिसळून भराभर बोलायचा आणि घड्याळाच्या काट्यानं वेळ दाखवावी तशी छडीनं भिंत दाखवायचा. आईच्या मेणबत्त्या त्यानं पाहिल्या आणि इथं जाळ चालत नाही, धुरानं चित्रं खराब होतात, असं समजावलं. आईनं त्या पिशवीत खाली सारल्या. त्या दिवशी वीज नव्हती. अशा वेळी तिथं पूर्वीपासूनची एक पद्धत आहे, ती मी पहिल्या लेण्यात पाहिली. एक माणूस बाहेर उन्हात मोठा आरसा धरतो आणि ऊन दारातून आत पाठवतो. आत दुसरा माणूस पांढरी चादर तिरकी ताणून उभा असतो. ऊन चादरीवर पडतं आणि तिथून मऊ होऊन भिंतीवर पसरतं. इतकं साधं, पण मी बघतच राहिले. अंधारातून एक झुकलेली मान वर आली, अर्धी मिटलेली पापणी, बोटांमधलं कमळ. शाळेत या चित्रावर मी पानभर निबंध लिहिला होता. आईनं मान पुढे केली, मागे केली, आणि म्हणाली, "मला भिंत दिसती. तू सांग." मला त्या पापणीला मराठी शब्द सापडेनात. जे मिळाले ते मी तिच्या कानात सांगितले. ती "हां, हां" करत राहिली, माझ्या समाधानासाठी.

पुढच्या प्रत्येक लेण्यात तेच झालं. माझी आशा पायरीपायरीनं कमी होत गेली. आई मात्र थकत नव्हती. माझा दंड धरून चालायची आणि दर वेळी विचारायची, "हेच का?" मी म्हणायचे, अजून पुढे आहे. खाली दरीत नदीचं पाणी होतं, वर कड्यावर वानरं बसली होती. इतकी माणसं असूनही तिथं एक अशी शांतता होती की स्वतःच्या चपलांचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटावा.

सव्विसाव्या लेण्यापाशी आलो तेव्हा कळलं की चादर नाही. तिथं तेवढी एकच होती, आणि आमच्यामागून आलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी ती दुसऱ्या आरशेवाल्याबरोबर पहिल्या लेण्यांकडे गेली होती. आत डाव्या हाताला भिंतीच्या लांबीनं काहीतरी आडवं होतं. माझ्या तरुण डोळ्यांनाही ते पसरलेल्या ढगासारखंच दिसत होतं. गाइडनं घड्याळ पाहिलं. झोपलेल्या बुद्धाची ही एवढी मोठी मूर्ती, खाली रडणारे शिष्य, अंदाज आला ना, चला, जेवणाची वेळ झालीय, असं त्यानं एका दमात म्हटलं. लोक वळले.

आईनं माझा दंड घट्ट धरला. "हेच का?"

मी हो म्हटलं.

ती अंधाराकडे तोंड करून उभी राहिली. मूठ डोळ्याला लावली, काढली, पुन्हा लावली. मग हात खाली सोडला. ज्याला मी इतके दिवस भीत होते ते माझ्यासमोर घडत होतं आणि मला करण्यासारखं काही नव्हतं. त्या क्षणी मी कुणाची प्रार्थना केली नाही. फक्त आतलं सगळं बळ गेलं. आता माझ्याच्यानं होत नाही, एवढंच आत उमटलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. आरसा धरणारा म्हातारा आत डोकावत होता. पांढरी दाढी, डोक्यावर विरलेली टोपी. गाइड त्याला चाचा म्हणायचा. सकाळपासून प्रत्येक लेण्यापाशी तो आमच्या पुढे जाऊन उभा राहत होता, पण मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. तो गाइडला म्हणाला, "चादर न्हाई तर न्हाई. ती सफेद लुगड्यावाली अम्मा हाय न्हवं? तिला हितं उभी करा. पदर पसरला की बराबर काम होतं."

गाइड काही बोलायच्या आत सुमनकाकू मध्ये आल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आईला झाकायला आल्यासारख्या त्या तिच्यापुढे उभ्या राहिल्या. "त्यांना नका बोलवू, चाचा. त्यांचे मालक नुकतेच गेलेत. दुखात हायेत त्या. असं चार माणसांत उभं करू नये."

चाचांनी मान खाली घातली. "माफ करना," म्हणाले, आणि वळले.

मी माझा आवाज ऐकला. "थांबा." तो लेण्यात घुमून परत आला, आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. आयुष्यात मी इतकी माणसं स्वतःकडे वळवून घेतली नव्हती. "काकू, माझे वडील घरी आहेत. चांगले आहेत. आम्ही बौद्ध आहोत. आई वंदनेला पांढरं नेसते. सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरं सांगितलं नाही."

मागच्या दोघी एकमेकींकडे पाहून हळूच बाहेर गेल्या. मला वाटलं आता आई काय म्हणेल. सकाळची ती उशी, ते धपाटे, तिला सगळं उमगत होतं. ती माझ्याकडे वळली. "म्हंजी मी सकाळपासून विधवा हाय?" म्हणाली. आणि तिला हसू आलं. "तुझ्या बापाला सांगते घरी गेल्यावर, तुमाला भोकरदनच्या स्टँडावरच मारून टाकलं म्हनून." मग माझा दंड सोडून, भिंत चाचपत, ती एकटी पुढे गेली. "कुठं हुभी ऱ्हाऊ, बाबा?"

चाचा बाहेर धावले. आईनं पदर काढून दोन्ही हातांनी ताणला, पण एका माणसाला तो नीट ताणता येईना. एक टोक सारखं गळायचं. मी पुढे होणार तोच सुमनकाकूंनी डबा खाली ठेवला. "हात दुखतील तुमचे. आणा ते टोक इकडं," त्या म्हणाल्या, आणि आईच्या पदराचं टोक हातात घेऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

ऊन आलं. आधी ते खांबांवर डगमगत फिरलं, छताला लागलं, मग आईच्या पदरावर येऊन थांबलं. पदर पेटल्यासारखा उजळला. आणि त्याच्यापासून एक फिका, दुधासारखा उजेड भिंतीकडे गेला. पहिल्यांदा पायांचे तळवे दिसले, एकावर एक ठेवलेले, लहान मुलाएवढे मोठे. मग वस्त्राच्या लाटा. आई आणि काकू पावलापावलानं सरकत होत्या, बाहेर चाचा आरसा वळवत होते, आणि उजेड त्या लांबलचक देहावरून वर वर चढत गेला. उशीपाशी तो थांबला. दगडाच्या चेहऱ्यावर गालाखाली सावली पडली, ओठांच्या कोपऱ्याला पडली, आणि तो चेहरा अंधारातून इतका सुटा झाला की त्याच्या श्वासाची वाट बघावी. आई त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. तिची मान अगदी हळू हलत होती, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. तिच्या मुठीएवढ्या नजरेत ती तो चेहरा तुकड्यातुकड्यानं भरून घेत होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. गाइडनंही घड्याळ पाहिलं नाही.

मग आई म्हणाली, "डोळे मिटलेत गं त्याचे."

मी म्हटलं, हो.

"खालचे समदे रडून राह्यलेत. त्याला काहीच न्हाई." आणि म्हणाली, "मिटल्या डोळ्यानं बी माणूस असा ऱ्हातो व्हय."

तिनं वंदना सुरू केली. तिचे उच्चार नेहमीसारखेच मोडके होते. मी तिच्या आवाजात माझा आवाज मिसळला. या वेळी कुणी पुढे बसवलं नव्हतं. शब्द तेच होते, लहानपणापासून म्हटलेले, पण प्रत्येक शब्दाबरोबर छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सैल होत होतं. मी कुठं जात होते ते मला कळत नव्हतं, पण जात होते हे कळत होतं. पदर धरून काकू डोळे मिटून उभ्या होत्या.

बाहेर आलो तेव्हा चाचा अजून आरसा धरून होते. उन्हानं त्यांचे डोळे पाझरत होते. आम्ही बाहेर आल्याचं त्यांना आरशावर आमची सावली पडली तेव्हाच कळलं.

"दिखा क्या, अम्मा?"

"दिसलं, बाबा."

"बस मंग," म्हणाले, आणि आरसा काखेत मारून पुढच्या मंडळींकडे गेले. मी त्यांचं नाव विचारलं नाही. तेवढं सुचायला हवं होतं.

परतीच्या गाडीत आमच्या आजूबाजूचं बोलणं कमी झालं होतं. दोघीतिघी पुढच्या बाकांवर जाऊन बसल्या. सुमनकाकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. बराच वेळ त्या डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "सकाळीच सांगायचं, माय. मी दिवसभर उगंच दुख धरून बसले." त्यात राग होता की माया, मी अजून ठरवू शकले नाही. आई खिडकीला डोकं टेकून झोपली होती, उजव्या कुशीवर.

त्यानंतरच्या थंडीत तिची उरलेली नजर गेली. कोणत्या दिवशी, ते तिनं सांगितलं नाही. एके दिवशी दिव्याची वात पुढे करायला मी विसरले, आणि तिलाही त्याची गरज पडली नाही, तेव्हा मला समजलं. मी रडले. ती रडली नाही. त्या दिवशी जे आलं त्याला काय नाव द्यायचं, यावर मी पुष्कळ विचार केला. चादर दुसरीकडे जाणं, म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात एक लुगडं राहणं, माझ्या तोंडून शब्द निघणं; यात अघटित असं काही नाही. बाबा म्हणाले, माणसाला माणूस मिळाला, आपला धम्म तेवढंच सांगतो. मी ते मान्य केलं. पण मी सगळं सोडून दिल्यावरच ते आलं, हेही मला विसरता येत नाही. मी माझी लाज घट्ट धरून बसले होते तोवर आईच्या पदराला ऊन मिळालं नव्हतं. त्या अनोळखी म्हाताऱ्याचे, आणि ते टोक धरणाऱ्या हाताचे, मी रोज मनातल्या मनात आभार मानते.

संध्याकाळी मी आईला वस्तीतल्या विहारापर्यंत नेते. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मागून चालते. पहिले काही दिवस मी तिला प्रत्येक दगड सांगायचे, इथं चढ आहे, इथं पाणी सांडलंय. एक दिवस ती म्हणाली, "नको सांगू. तू वळलीस की मला कळतं." आता मी सांगत नाही. तिचा हात खांद्यावर असतो, इतका हलका की कधीकधी तो आहे की नाही याची मलाच शंका येते. ती दाबत नाही, ओढत नाही, पुढे काय आहे ते विचारत नाही. पाऊल टाकते. शरण जाणं म्हणजे काय ते मी तिच्या हाताच्या त्या वजनावरून रोज थोडं थोडं शिकते आहे.